लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. आम्ही शरणपूरकडचे प्रॉटेस्टंट, नवसबिवस आमच्यात बसत नाही. तरी मी जाते. मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असलेली माणसं सगळ्या धर्मांची असतात. कोणाचं पोर आजारी, कोणाच्या डोक्यावर कर्ज. धास्तीच त्यांना इथवर आणते. आमच्या मंडळीतले काही जण नाक मुरडतात, म्हणतात, भीतीतून आलेली श्रद्धा कसली? मला हा शहाणपणा पटत नाही, आणि त्याला कारण आमच्या नाशिकच्याच लक्ष्मीबाई टिळक.

गोदाकाठच्या जलालपुरात १८६८ साली त्या जन्मल्या. आजोळचे आजोबा १८५७च्या बंडात फासावर गेले, त्याचा वडिलांनी धसका घेतला आणि घरात सोवळ्याचं वेड शिरलं. विटाळाची भीती त्या अशी लहानपणीच शिकल्या. पुढे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं.

नवऱ्यावर त्यांचा जीव होता. लहान मुलगा दत्तू याला घेऊन त्या काही काळ पंढरपुरात माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नगरला टिळकांजवळ आल्या. पण सोवळं सुटलं नाही, चूल वेगळीच राहिली. इथे प्रेमाची हद्द दिसते. प्रेमाने त्यांना नवऱ्याच्या अंगणापर्यंत आणलं, तरी नवऱ्याचा देव काही आपोआप त्यांचा झाला नाही. तो झाला असता तर मला त्यात श्रद्धेपेक्षा पतिव्रताधर्मच जास्त दिसला असता.

गाठ सुटली ती एका प्रश्नाने. जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं आणि ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. पाद्र्याने डोक्यावर पाणी घालण्याआधीच विटाळाची भीती गेली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

ख्रिस्ती शिकवणीत भीतीच्या दोन जाती आहेत. एक देवाचा दरारा, आईबापांचा असतो तसा, तो हवाच. दुसरी शिक्षेची धास्ती. पूर्ण प्रेमापुढे ही दुसरी टिकत नाही, असं बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलं आहे. पण ती एका रात्रीत जात नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच बघा. येशूला धरून नेलं त्या रात्री तो घाबरला आणि ‘मी याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणाला. पुनरुत्थानानंतर येशूनेही त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? पुन्हा भिशील का, हे एकदाही विचारलं नाही. रविवारच्या शाळेत आम्हा पोरांना नरकाच्या आगीचं वर्णन रंगवून ऐकवायचे. त्यापेक्षा हा प्रसंग जास्त वेळा सांगितला असता तर बरं झालं असतं.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकलाच गेल्या. त्या पाच वर्षांचं हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, तेही स्वतःची फजिती न लपवता, हसत हसत. शाळेच्या पुस्तकातल्या एका धड्यावर भागवू नका, चारही भाग मिळवून वाचा.