सहस्रकुंडचं पाणी, तीन एक्स्पोजर

आपल्या जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा पुढे नांदेड-यवतमाळच्या सीमेवर सहस्रकुंडला काळ्या कातळावरून कोसळते. वाशीमच्या फोटोवेड्यांनो, तिथली पंचाईत ठाऊक असेलच: फेस पांढराफटक, कातळ काळाकुट्ट. कातळ दिसावा म्हणून उजेड वाढवला की पाण्याची चुन्याची भिंत होते.

म्हणून एचडीआर. ढगाळ संध्याकाळ, पक्का ट्रायपॉड, ओल्या दगडाची चकाकी मारायला पोलरायझर. आयएसओ १००, एफ/११ कायम; बदलायचं फक्त शटर: १/६०, १/१५, १/४. दर फ्रेमआधी काच पुसा, तुषाराचा एक थेंब तिन्ही फ्रेमची वाट लावतो.

खरी मेख जोडताना. पाणी तिन्ही फ्रेममध्ये वेगळं, त्यामुळे फेसात करडी भुतं उमटतात. डीघोस्टिंगवर माझा फारसा भरवसा नाही. मी कातळ-आकाश एचडीआरमधून घेतो आणि पाणी एकाच फ्रेममधून, लेयर मास्कने. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाशाच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडल्या होत्या, तीच युक्ती.

आणि हो, पुराचं पाणी चहासारखंच असतं. सॅच्युरेशन ओढून ते निळं करू नका राव!