‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे
पेट्रोलच्या टँकरमागे ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. अर्थ साधा आहे: चटकन पेट घेणारे. पण ‘करेक्ट’चे ‘इन्करेक्ट’, ‘अ‍ॅक्टिव्ह’चे ‘इनॅक्टिव्ह’ शिकलेला माणूस इथला ‘इन’ही नकाराचाच समजतो आणि नेमका उलटा अर्थ लावतो. हा ‘इन’ वेगळा. ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणे, या लॅटिन क्रियापदातून तो आला; शरीरातल्या दाहाला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तेही त्याचेच भावंड. थोडक्यात, ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच. न पेटणारे ते ‘नॉन-फ्लेमेबल’.

म्हणून इशाऱ्यात ‘फ्लेमेबल’च लिहावे म्हटले, की लोकांच्या अज्ञानापायी ‘इन्फ्लेमेबल’ हा जुना, शुद्ध शब्द का सोडायचा, असा आक्षेप येतो. साहित्यापुरता तो रास्तही आहे. पण थिनरचा डबा शेगडीजवळ ठेवणाऱ्याला लॅटिन येत नसते, आणि इशाऱ्याचा अर्थ चुकला तर भाजतो तोच. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला, तो याच कारणाने. ज्वाळेचे चित्र पुरेसे आहे म्हणावे, तर डब्यावर ते कित्येकदा नखाएवढे असते. उत्पादकांनी ‘फ्लेमेबल’ लिहावे, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यावर त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘ज्वालाग्राही’ही छापावे.