पोलिसी इंजिनाची स्पोर्ट बाइक

मोटो गुत्सीची ८५० ले मान्स बघायला गेलेला नवखा गिऱ्हाईक पहिल्याच मिनिटाला दचकतो. गाडी स्टँडवरून काढून सरळ धरायची, सेल्फ मारायचा, न्यूट्रलमध्येच जरा रेस करायची, की अख्खी गाडी उजवीकडे झुकते. इंजिनाचं माउंटिंग तुटलंय की काय, अशी शंका येते. तसं काही झालेलं नसतं. आपल्या ओळखीच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्रँकशाफ्ट चाकांच्या आसाला समांतर असतो. या गाडीत तो पुढून मागे जातो आणि दोन सिलिंडर व्ही आकारात डावी-उजवीकडे बाहेर डोकावतात. क्रँक आणि त्यावरचं जड फ्लायव्हील झटक्यात वेग घेतं, तेव्हा उरलेली गाडी उलट्या दिशेला कलते. चालत्या गाडीवर हे जाणवतही नाही. विकणारा अनुभवी असेल, तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याला लगेच कळतं की समोरचा या गाडीला पहिल्यांदाच हात लावतोय, आणि किंमत तिथेच ठरते.

ही गाडी नोव्हेंबर १९७५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात आली आणि १९७६ पासून विकली जाऊ लागली. ८४४ सीसी, ३६ मिलिमीटरचे दोन डेलॉर्टो कार्ब्युरेटर, त्यांच्या तोंडाशी फिल्टरऐवजी उघडे भोंगे, खाली वाकवणारं हँडल आणि हेडलाइटभोवती डोळ्यात खुपणारा नारिंगी रंग. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या गाड्या तेव्हा मोजक्याच होत्या. पण या देखण्या गाडीचं इंजिन मुळात शर्यतीसाठी जन्मलेलं नाही. जुलिओ चेझारे कार्कानो यांनी ते आखलं. १९५५ मध्ये ५०० सीसीचं आठ सिलिंडरचं शर्यतीचं इंजिन बनवून सगळ्यांना चकित करणारा हाच माणूस. त्याने पुढे जे व्ही-ट्विन केलं, ते मात्र साधं, पुशरॉडचं आणि दणकट होतं. १९६७ मध्ये ते ७०३ सीसीच्या व्ही७ मध्ये विक्रीला आलं आणि पोलिसांच्या ताफ्यात दाखल झालं, आधी इटलीत आणि नंतर कॅलिफोर्नियातही. दिवसभर उन्हात उभं राहायचं, मिरवणुकीबरोबर पहिल्या गिअरमध्ये रांगायचं आणि एखादा सुसाट निघाला की त्याच्यामागे धावायचं, असं त्याचं काम.

त्या इंजिनातून स्पोर्ट बाइक काढली लिनो टोंटी यांनी. जुन्या व्ही७ मध्ये दोन सिलिंडरांच्या मधल्या जागेत, इंजिनाच्या डोक्यावर, पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो बसवलेला होता. त्यामुळे चेसिसच्या नळ्या वरून न्याव्या लागत आणि गाडी उंच, बोजड होई. टोंटींनी डायनॅमो काढून टाकला आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला ऑल्टरनेटर लावला. रिकाम्या झालेल्या खाचेतून चेसिसची मधली नळी सरळ मागे नेली. गाडी एकदम बुटकी आणि सडपातळ झाली. ही १९७१ची व्ही७ स्पोर्ट. ले मान्स तिचीच पुढची पिढी. टोंटींच्या चेसिसच्या खालच्या दोन्ही नळ्या बोल्टने जोडलेल्या आहेत. त्या सोडवल्या की इंजिन जमिनीवर टेकवून वरची गाडी उचलून बाजूला ठेवता येते. ज्याने पन्नास वर्षांची गाडी घरच्या गॅरेजमध्ये खोलली आहे, त्याला या एका सोयीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

इटालियन जुनी स्पोर्ट बाइक म्हणजे पांढरा हत्ती, असं सरसकट म्हटलं जातं. ते निम्मं खरं आहे. त्याच काळातली बेव्हल गिअरची डुकाटी घ्या. एप्रिल १९७२ मध्ये इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाजारी दुसरा आला. तिथून डुकाटीची ७५० ही दंतकथा झाली. १९७४ची हिरव्या चेसिसची ७५० सुपरस्पोर्ट सुमारे ४०० नगच बनली आणि आज लिलावात तिच्यावर एक लाख डॉलरच्या पुढे बोली गेलेली आहे. फाबिओ तालिओनींचं ते इंजिन अप्रतिमच. पण त्याच्या कॅमपर्यंत फिरकी पोचवणारे बेव्हल गिअर एकेक वॉशर घालून, हाताने अंदाज घेत जुळवावे लागतात. सुपरस्पोर्टमधले डेस्मो व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटत नाहीत, त्यांना मिटवायलाही वेगळा रॉकर आहे, म्हणजे सेटिंग दुप्पट. क्रँक दाबून जोडलेला आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग. ते गेलं की क्रँक प्रेसवर खोलायचा आणि पुन्हा नेमका सरळ जोडायचा. हे काम बिनचूक करणारी माणसं कमी आहेत आणि त्यांना घाई करून चालत नाही. गुत्सीचा क्रँक अखंड, त्यावर मोटारीच्या इंजिनात असतात तशा साध्या बेअरिंग शेल. घासल्या, बदलल्या. डुकाटी मनात भरते हे मान्य. पण स्वतःच्या हाताने राखायची असेल, तर मी गुत्सीच सुचवेन.

आता खरेदी. आधी नकली गाड्यांचा प्रश्न. टोंटींची हीच चेसिस गुत्सीने साध्या टूरिंग गाड्यांनाही वापरली. त्यामुळे टी३ सारखी गाडी घेऊन तिच्यावर लाल टाकी, छोटी फेअरिंग आणि काळे सायलेन्सर चढवले की लांबून ले मान्स तयार होते. अस्सल गाडीच्या चेसिस नंबरची सुरुवात व्हीई या अक्षरांनी होते. १९७८च्या दुसऱ्या आवृत्तीला, मार्क टूलाही तीच अक्षरं आहेत. तिची टोकदार फेअरिंग उतरवून ती ‘मार्क वन’, म्हणजे पहिली ले मान्स, म्हणून खपवायचे प्रकारही होतात. म्हणून अक्षरांवर थांबू नये. पुढचे आकडे कारखान्याच्या यादीशी ताडून बघावेत आणि नंबराभोवतीचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला, तर सरळ चहा पिऊन परत यावं. मार्क वनमध्येही सुरुवातीच्या, मागचा दिवा गोल असलेल्या गाड्यांना संग्राहक जास्त मोजतात. चालवणाऱ्याला त्या दिव्याने काहीही फरक पडत नाही.

रंग, क्रोम आणि सीट हा या गाडीचा अब्रू घालवणारा भाग. मूळ रंग नवा असतानाही सुमार होता. साच्यात ओतलेल्या फोमची सीट टाकीजवळच्या टोकाला लवकरच फाटायची. त्यामुळे पन्नास वर्षांनंतर हे सगळं झळाळत असेल, तर ते अलीकडे कोणीतरी केलेलं आहे, आणि ते करणं सोपं आहे. सीट नवी मिळते, सायलेन्सरची नक्कल मिळते, टाकी कुठलाही चांगला पेंटर रंगवतो. खरा पैसा बसतो तो न दिसणाऱ्या ठिकाणी.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे सिलिंडरचा बोअर. मार्क वनचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे आणि त्यांच्या आतल्या भिंतीवर कडक क्रोमचा थर. नव्यात उत्तम, पिस्टन झरझर सरकतो, उष्णता पटकन बाहेर जाते. पण गाडी दमट शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिली, की क्रोमच्या केसासारख्या भेगांतून ओल आत शिरते, खालचं ॲल्युमिनियम फुगतं आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात. मग ते तेलातून फिरत बेअरिंगपर्यंत पोचतात. म्हणून या गाडीच्या बाबतीत ‘फक्त बारा हजार किलोमीटर चाललेली, वीस वर्षं जपून ठेवलेली’ ही जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. तिथे उलट जास्त सावध व्हावं. भरपूर चाललेली, दरवर्षी तेल बदललेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी परवडते. काढलेलं तेल उन्हात धरून त्यात चकाकणारे कण दिसतात का ते बघायचं. काँप्रेशन मोजायचं. शक्य असेल तर विकणाऱ्याला सांगून एक हेड आणि सिलिंडर उतरवून आत बघायचं. दोन्ही सिलिंडर बाहेर आलेले असल्याने त्यासाठी इंजिन चेसिसमधून काढावं लागत नाही.

क्रोम गेलेलं असेल तर गाडी सोडायलाच हवी असं नाही. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेले नवे सिलिंडर पिस्टनसह मिळतात आणि ते बनवणारी गिलार्दोनी कंपनी गुत्सीच्याच गावची, कोमो सरोवराकाठच्या मांडेल्लो देल लारिओची. मूळ सायलेन्सर बनवणारी लाफ्रांकोनीही तिथलीच. १९२१ पासून कारखाना त्या एकाच गावात आहे. भोवती सुट्या भागांचे कारागीर वाढले आणि म्हणून पन्नास वर्षं जुन्या गाडीचं जवळपास सगळं आज मिळतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगचं स्टाइन-डिन्से हे तर जुन्या गुत्सीवाल्यांचं हमखास दुकान. फक्त नव्या सिलिंडर-पिस्टनचा खर्च गाडीच्या किमतीतून आधी वजा करून बोलणी करावीत.

दुसरी जागा मागे आहे. या गाडीला चेन नाही, शाफ्ट आहे. गिअरबॉक्सच्या मागचा रबरी बूट सारून आतला युनिव्हर्सल जॉइंट आणि त्यामागचं बेअरिंग हाताने हलवून बघायचं. खडखड, अडखळणं, गंजाची लाल भुकटी, यातलं काहीही दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी जोरात चालवू नये. वेगात तो जॉइंट तुटला तर आसपासचं बरंच काही घेऊन तुटतो. तिसरी जागा क्लच. तो कोरडा आहे, त्याला तेल चालत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून तेल झिरपत असेल तर बोटाला लावून वास घ्यायचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो. कुठलं ऑइल सील गेलंय हे वासावरूनच कळतं. सील स्वस्त आहे, पण तिथे पोचायला अर्धी गाडी खोलावी लागते.

चालवून बघताना काही गोष्टी दोष वाटतात, पण त्या स्वभाव आहेत. थ्रॉटल मनगट दुखेल इतका जड. गिअर सावकाश आणि ठामपणे टाकावे लागतात. वेग वाढवला की शाफ्टमुळे मागची बाजू उचलली जाते. वळणात घाबरून थ्रॉटल सोडला की ती खाली बसते, म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात हलका थ्रॉटल राखायचा. ब्रेक जोडलेले आहेत. पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढची डावी डिस्कही धरली जाते, हाताच्या ब्रेकला पुढची फक्त उजवी. बीडाच्या डिस्क एका पावसात गंजतात आणि दोनदा ब्रेक मारला की स्वच्छ होतात. तिकडे लक्ष देऊ नये. रबरी ब्रेक पाइप मात्र मूळचे असतील तर ते आधी फेकावेत. हे ब्रेक ब्रेम्बोचे. तीच ब्रेम्बो आज पुण्यात आहे आणि बजाजने बनवलेल्या केटीएमवर तिचे ‘बायब्रे’ ब्रेक दिसतात. गुत्सीची मालकी २००४ पासून पिआज्जोकडे आहे, आणि पिआज्जोचा भारतातला कारखाना बारामतीला.

देखभाल खरोखर साधी आहे. टॅपेट सेट करायला टाकी काढायची गरज नाही. इंजिन थंड असताना गुडघ्यापाशी असलेली दोन कव्हरं उघडायची, पिस्टन वर आणायचा, फिलर गेज घालायचं, स्क्रू फिरवून नट आवळायचा. सवयीच्या हाताला तासभरही पुरतो. त्रास आहे तो ऑइल फिल्टरचा. तो खालच्या सम्पच्या आत दडवलेला असल्याने दर वेळी बरेच बोल्ट काढून अख्खा सम्प उतरवावा लागतो. कार्ब्युरेटरच्या उघड्या भोंग्यांना जाळी लावावी. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण धूळ पिस्टन खाते.

आणि वायरिंग. ‘इटालियन गाडी दगा देते’ या ख्यातीचं मूळ तिथे आहे, तेही ऑल्टरनेटर किंवा स्टार्टरमध्ये नाही, ते तर जर्मन बॉशचे आहेत. हँडलवरची बटणं, फ्यूजचे सैल क्लिप आणि गंजलेलं अर्थिंग हे खरे गुन्हेगार. अर्थिंगचे सगळे सांधे घासून चकचकीत करणं आणि हेडलाइटला रिले बसवणं, एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात. एक गंमत अशी की चार्जिंगचा लाल दिवा या गाडीत नुसता इशारा देण्यासाठी नाही. ऑल्टरनेटरला चुंबकत्वासाठी लागणारा पहिला प्रवाह त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की चार्जिंग होईनासं होतं आणि लोक चांगला ऑल्टरनेटर काढून दुसरा आणतात.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचीही दखल घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत असतं, आपल्याकडे २०. ते पाणी ओढतं. त्यामुळे उभ्या गाडीची पत्र्याची टाकी तळाशी गंजते आणि जुने रबरी पाइप खराब होतात. गुत्सीचं एवढ्यावर भागतं. डुकाटीच्या फायबरग्लासच्या टाक्या मात्र मऊ पडून अक्षरशः विरघळू लागतात.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाडीला रस्ता कर आणि वार्षिक तपासणी माफ आहे. जर्मनीत ३० वर्षांनंतर नंबर प्लेटवर ऐतिहासिक वाहनाचा एच मिळतो. तिकडे राहणाऱ्या मराठी हौशींना हे सोपं आहे. भारतात आयातीचे नियम बदलत असतात, ते आधी वाचावेत. नोंदणीचं मात्र २०२१ पासून स्पष्ट आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पहिल्या ले मान्स आत्ता कुठे त्या वयाला पोचतायत.

ज्याला गाडी चालवायची आहे त्याने मार्क वनच्या मागे लागावं का? मला वाटतं, नाही. १९८१च्या मार्क थ्रीमध्ये तेच ८४४ सीसीचं इंजिन, तीच टोंटींची चेसिस आणि बोअरमध्ये क्रोमऐवजी निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा तो टिकाऊ थर कारखान्यातूनच आलेला. चौकोनी हेड आणि चौकोनी फेअरिंग जुन्या भक्तांना आवडत नाहीत, म्हणून ती मार्क वनपेक्षा बरीच स्वस्त मिळते. उरलेल्या पैशांत युनिव्हर्सल जॉइंट, टायर आणि ब्रेक पाइप येतात.