बिस्किटांच्या सोळा बशा

मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्याजवळ माझा दवाखाना आहे. तिथल्याच एका गृहसंकुलातील ज्येष्ठ नागरिक मंडळाने गेल्या जुलैत मला पाककृती स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. विषय होता बिस्किटांपासून केलेले गोड-तिखट पदार्थ. अट एकच होती, गॅस पेटवायचा नाही. बहुतेक स्पर्धक सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे अट शहाणपणाची होती. निमंत्रण द्यायला आलेल्या काकू म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही येईल त्याची बिस्किटे बंद करता. एकदा आमच्या हातची खाऊन तर बघा.”

आरोप खरा होता. मधुमेह निघाला की ‘बिस्किटे बंद’ आणि रक्तदाब निघाला की ‘खारे पदार्थ बंद’ असे दोन शब्द मी गेली पंचवीस वर्षे लिहीत आलो आहे. ते लिहिताना दुपारी चार वाजता चहाच्या कपाशेजारी बशीत नेमके काय उरते, याचा विचार फारसा केलेला नव्हता.

माझ्यासोबत दुसऱ्या परीक्षक होत्या एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंनी येतानाच गुणपत्रिका आखून आणली होती. चवीला चार, चावण्या-गिळण्याच्या सोयीला तीन आणि पौष्टिकतेला तीन, असे एकूण दहा गुण. दुसरा रकाना त्यांनी स्वतःच्या कवळीकडे बोट दाखवून समजावून सांगितला.

उपनगरवासीयांचे बिस्किटाशी नाते जुने आहे. लोकलने विलेपार्ल्यावरून जाताना डब्यात शिरणारा भाजक्या बिस्किटांचा गोड वास माझ्या पिढीला अजून आठवतो. ‘पार्ले’ या नावाचा उगमच त्या गावात आहे. १९२९ साली तिथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना निघाला, दहा वर्षांनी त्यात बिस्किटे होऊ लागली आणि २०१६ मध्ये तो जुना कारखाना बंद झाला. ‘मारी’ मात्र लंडनची. १८७४ मध्ये रशियाची राजकन्या मारिया इंग्लंडच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली, त्या निमित्ताने पीक फ्रीन्स या कंपनीने हे बिस्किट काढले. राजघराण्यातील लग्नाचे हे बिस्किट आपल्याकडे आजाऱ्याचे पथ्य कसे होऊन बसले, याचे मला राहून राहून नवल वाटते. खाऱ्या क्रॅकरवरची भोके काही शोभेची नसतात. भाजताना पिठातील वाफ त्यांतून निघून जाते आणि बिस्किट फुगण्याऐवजी सपाट राहते. सपाट राहते म्हणूनच त्यावर काहीबाही रचता येते.

सोळा बशा होत्या, नऊ तिखट आणि सात गोड. तिखटांपैकी पाचांत मोनॅकोवर बटाटा, कांदा, दोन चटण्या आणि वर शेव, अशी शेवपुरीची नक्कल होती. पावसाळ्याची हवा, त्यात परीक्षकांची वाट पाहत तासभर मांडून ठेवलेल्या बशा. बिस्किटे सादळून गेली होती. मी गुण कापणार तोच बाई म्हणाल्या, “थांबा. मला मऊ झालेलीच बरी पडतात.” दुसऱ्या रकान्यात त्यांनी पूर्ण तीन लिहिले.

आमचे खरे मतभेद झाले ते मिठावरून. जी चटणी मला खारट लागली ती बाईंना अळणी लागत होती. त्या प्रत्येक बशीवर चाट मसाला मागत होत्या. यात हट्ट नव्हता. वाढत्या वयात जिभेपेक्षाही नाकाची शक्ती अधिक घटते, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. वरची कवळी टाळू झाकते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि कोरड्या तोंडात चव नीट विरघळत नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्या काहींच्या तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. घरातली वडीलधारी माणसे सुनेच्या आमटीला ‘मीठ कमी’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

मग तिथेच एक प्रयोग केला. एका बिस्किटावर चाट मसाला घातला. दुसऱ्यावर मीठ न घालता लिंबू पिळले, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चुरडलेला पुदिना घातला. बाईंनी डोळे मिटून दोन्ही खाल्ली आणि दुसऱ्याला साडेतीन दिले. “चार नाही देणार,” त्या म्हणाल्या. “मीठ ते मीठ.”

या मिठाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम असावे. समजा, पुड्यावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. खारे क्रॅकर एकेक तीन-चार ग्रॅमचे असते, त्यामुळे सहा बिस्किटांत साधारण १६० मिलिग्रॅम सोडियम होते. हे फार नाही. पण त्यावर एक चीज स्लाइस ठेवली की तिचेच दोनशे-तीनशे मिलिग्रॅम वाढतात. शेव, चटणी आणि चाट मसाल्यातले काळे मीठ वेगळेच. म्हणजे बिचारे बिस्किट बदनाम होते आणि मीठ बसलेले असते त्याच्या डोक्यावर.

एका आजोबांनी मोठ्या काळजीने बटाट्यात ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरले होते. त्यांना चवीचे गुण देऊन मी बाजूला घेतले. या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना त्याने रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये, आणि स्पर्धेच्या सामुदायिक बशीत तर मुळीच घालू नये.

तिखटांत मला सर्वांत आवडली ती अगदी साधी बशी. दही रात्रभर टांगून केलेला चक्का, त्यात किसून पिळलेली काकडी, जिरे, मिरपूड. बिस्किटे कोरडी, वेगळी ठेवलेली, खायच्या क्षणी चमचाभर चक्का त्यावर घालायचा. कुरकुरीतपणा टिकला, प्रथिने मिळाली आणि मीठ बिस्किटाचे तेवढेच. मी साडेआठ दिले, बाईंनी साडेसात.

गोड बशांकडे वळलो तेव्हा एक काकू आधीच म्हणाल्या, “माझी मारीची आहे हं डॉक्टर, मधुमेहाला चालणारी.” मारीचा चुरा, कोको, लोणी, पिठीसाखर आणि सुके खोबरे यांचा तो थंडगार रोल होता. चव सुरेख, चारपैकी चार. पण मधुमेहाला चालणारे त्यात काहीही नव्हते, मारीसुद्धा नाही. चार मारी बिस्किटे म्हणजे साधारण वीस ग्रॅम. त्यांत चमचाभर साखर असते आणि मैदा धरून एकूण पिष्टमय पदार्थ पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास एका लहान पोळीइतके. खाऱ्या क्रॅकरमध्ये साखर कमी असली तरी मैदा तेवढाच असतो. ‘गोड लागत नाही म्हणून साखर वाढत नाही’ हा समज मी रोज ऐकतो. खायचीच असतील तर दोन-तीन बिस्किटे मोजून बशीत काढावीत आणि पुडा कपाटात ठेवून मग चहाला बसावे. त्या दिवशीच्या पोळीच्या हिशेबात ती धरावीत. पुड्यावर समोरच्या बाजूला गव्हाची लोंबी छापली आहे म्हणून भुलू नये. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तिथे मैदा पहिला असेल तर ते मैद्याचेच बिस्किट.

त्याच काकूंनी पुढे सांगितले, “ह्यांची साखर उतरली की मी दोन क्रीमची बिस्किटे देते.” माझ्या दृष्टीने ही त्या दुपारची सर्वांत गंभीर गोष्ट होती. रक्तशर्करा ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, की बिस्किट उपयोगाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. अशा वेळी ग्लुकोज किंवा साखरेचे तीन लहान चमचे पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साखर चालत नाही, ग्लुकोजच हवे. बिस्किट द्यायचे ते साखर सावरल्यावर, जेवणाला वेळ असेल तर. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

खारीवर श्रीखंड घातलेल्या बशीला बाईंनी नऊ दिले, मी पाच. खारी म्हणजे स्निग्धाचे पापुद्रेच. पुड्यातल्या पदार्थांतील तेला-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम २०२२ पासून देशभर लागू आहे आणि पुड्यावर त्याचा आकडा वाचता येतो. सुट्या खारीच्या पिशवीवर वाचायला काही नसते. शिवाय तिचा भुगा कवळीखाली जातो. हे सगळे मी सांगितले. बाई शांतपणे दुसरा तुकडा उचलत म्हणाल्या, “महिन्यातून एकदा.” मी गप्प बसलो.

एका एकट्या राहणाऱ्या काकांची बशी गमतीची होती. चार मारी, कपभर चहा आणि शेजारी चिठ्ठी, ‘माझे रात्रीचे जेवण’. सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण असे जेवण जेवणारा एक रुग्ण दोन वर्षांपूर्वी गुंगलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणला गेला होता. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, मीठ जवळजवळ बंद, चहा-पाणी भरपूर आणि अन्न नावाला. त्याच्या रक्तातील सोडियम घसरले होते. कमी मीठ ही प्रत्येकाची औषधचिठ्ठी नव्हे. काकांना मी चक्क्याच्या बशीकडे नेले आणि रात्री निदान दही-दूध, उकडलेले अंडे किंवा मुगाची खिचडी यांपैकी काहीतरी घ्याच, असे सांगून रक्त तपासायला बोलावले. ते आले. सोडियम ठीक निघाले, पण वजन वर्षात चार किलोने उतरले होते.

शेवटची बशी म्हणजे खरे तर वाटी होती. त्यात करड्या रंगाचा गुळगुळीत गोळा, वर काहीही नाही. दिसायला अगदी केविलवाणी. मी चवीला दोन दिले आणि सोयीच्या रकान्यात सवयीने एक लिहून मोकळा झालो. बाईंनी चाखले, थांबल्या आणि विचारले, “कोणासाठी केलंय?”

“ह्यांच्यासाठी,” त्या बाई म्हणाल्या. यजमानांना पक्षाघात होऊन दीड वर्ष झाले होते. चहात बुडवलेले बिस्किट दिले की ठसका लागायचा, एकदा न्यूमोनियाही झाला. याचे कारण बुडवलेल्या बिस्किटात पातळ चहा आणि ओला गाळ एकाच घासात असतात. पातळ भाग आधी घशात उतरतो आणि गिळण्याचा मेळ चुकलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. कोरडा भुगा तर अधिकच वाईट. वाटीतला पदार्थ याच्या नेमका उलट होता. सहा मारी अर्धी वाटी कोमट दुधात पूर्ण विरेपर्यंत भिजवायच्या, पिकलेले अर्धे केळे घालून मिक्सरमधून काढायच्या, वेलची घालायची आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट ठेवायचे. गिळण्याचे उपचार शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी दाटपणा ठरवून दिला होता. ताठ बसवून, लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करून भरवायचे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हे त्या न चुकता सांगत होत्या. दीड वर्षाने त्यांच्या यजमानांनी चार वाजता बिस्किट खाल्ले होते.

मी माझा एक खोडून तीन केला. पहिले बक्षीस चक्क्यालाच गेले, वाटी तिसरी आली.

पुढच्या आठवड्यात त्या बाई दवाखान्यात आल्या. यजमानांचा निरोप होता. तेच ते गोड खाऊन कंटाळा आला आहे, मोनॅकोचे काही जमेल का?