अग्नि, पोथी आणि कार्बनाचें घड्याळ

किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनावरून जुन्या वस्तूंचा काळ ठरविण्याची पद्धति विलर्ड लिबी व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. तिच्याविषयीं संग्राहकांच्या मनांत एक शंका येणें साहजिक आहे. जी पोथी आगींतून वांचली, अथवा पिढ्यान्‌पिढ्या धुराच्या माळ्यावर राहिली, तिच्यांतील हें घड्याळ उष्णतेनें बिघडलें नसेल कशावरून?

कार्बन-१४ चे निम्मे अणु सुमारें ५,७३० वर्षांत क्षय पावतात. हा क्षय अणूच्या गर्भांत घडतो. आगीची पोंच फार तर बाहेरील इलेक्ट्रॉनांपर्यंत. अशा क्षयावर उष्णतेचा व दाबाचा परिणाम होतो काय, याची परीक्षा रदरफर्ड व पेटाव्हेल यांनीं १९०७ सालींच केली. रेडियमपासून निघणारा वायु पोलादी पात्रांत कोंडून त्यांत त्यांनीं कॉर्डाइटचा स्फोट केला. उष्णता सुमारें २,५०० अंश व दाब १,००० वातावरणांइतका झाला, तरी त्या वायूच्या क्षयाचा वेग पूर्ववत् राहिला.

या नियमास अपवाद आहेत. बेरिलियम-७ स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळून क्षय पावतो; म्हणून रासायनिक संयोग बदलल्यास त्याच्या ५३ दिवसांच्या अर्धायुष्यांत शेंकडा एक वा त्याहून कमी फरक पडतो. रेनियम-१८७ चें अर्धायुष्य चार हजार कोटि वर्षांहून अधिक. पण त्याचे सर्व इलेक्ट्रॉन काढून टाकल्यावर तें सुमारें ३३ वर्षांवर आल्याचें डार्मस्टाट येथील प्रयोगानें १९९६ सालीं दाखविलें. अशी अवस्था ताऱ्यांच्या पोटांत संभवते, पोथीच्या रुमालांत नव्हे. शिवाय कार्बन-१४ इलेक्ट्रॉन गिळीत नाहीं, बाहेर टाकतो.

मग चूक येते कोठून? परक्या कार्बनांतून. ताडपत्रांस चोळलेलें तेल, खळीनें डकविलेला नवा कागद, चुलीची काजळी हीं मूळ पानांत राहिलीं, कीं मापनांत सर्वांचें मिश्र वय येतें. म्हणूनच नमुना आधीं शुद्ध करून घेतात. दुसरें असें कीं, हें वय कागदाच्या मूळ वनस्पतीचें, लेखनाचें नव्हे. आणि इ. स. १६५० नंतरच्या कागदांस एकाच मापनावरून अनेक काळ संभवतात. तेथें मिति, शिक्का व अक्षराचें वळण हींच मुख्य साधनें.

तेव्हां निष्कर्ष अनपेक्षित आला तर अग्नीस दोष देण्यापूर्वीं पोथीच्या दुरुस्तीचा वृत्तांत पाहावा. आणि ज्यांच्या संग्रहीं पोथ्या आहेत त्यांनीं तेल, खळ व ठिगळें यांची नोंद आजच करून ठेवावी.