बैठक संपल्यावरची सिगारेट

बैठक संपली की चार-पाच जण टपरीवर जातात. खरी चर्चा तिथेच होते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. मीही नऊ वर्षे त्या घोळक्यात सिगारेट घेऊन उभा असायचो. त्यामुळे ‘मनावर घे, सुटेल’ एवढाच सल्ला मला पटत नाही.

झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोचते, बरे वाटते. त्याचे प्रमाण उतरले की चिडचिड सुरू होते. पुढची सिगारेट ती चिडचिड घालवते आणि आपण म्हणतो, टेन्शन गेले. मित्रांनो, त्यातले बरेचसे टेन्शन आधीच्या सिगारेटनेच आणलेले असते.

आपल्या वस्त्यांत बिडीही आहेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. बिडीत तंबाखू कमी, म्हणून ती हलकी, हा गैरसमज आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते. बिडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि सारखे घ्यावे लागतात. आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो धूर लहान मुलांच्याही छातीत जातो. मला विचाराल तर सोडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, असे हसून सांगणारेही भेटतात. तंबाखू भारतात पोर्तुगीजांनी आणली. बुद्धांच्या काळात ती इथे नव्हतीच, तर नाव येणार कुठून?

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफ आली तरी एका वेळी काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्या, चालून या. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक बोलतात.

माझी तिसऱ्या प्रयत्नात सुटली. दोन्ही वेळा पुन्हा सुरुवात झाली ती टपरीवरच, ‘एकच ओढ रे’ म्हणणाऱ्या मित्रांमध्ये. म्हणून आता बैठकीनंतरचा चहा आम्ही सभागृहातच मागवतो. गप्पा तितक्याच रंगतात. दोघे जण अजून मधूनच उठून बाहेर जाऊन येतात. पूर्वी सात जायचे.