धर्म, राजकारण आणि आमच्या गटाची बैठक

मागच्या भागात आपण बँकेच्या कर्जाबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणींचा हात रेडिओच्या बटणाकडं जाईल. विषय आहे धर्म आणि राजकारण. आधीच सांगते, मी कुठल्या पक्षाचं नाव घेणार नाही. सामुदायिक रेडिओवर ते चालत नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

हा विषय सुचला आमच्याच एका गटामुळं. ७ जून २०२३ चा बुधवार तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून वाद पेटला, कोल्हापूर बंद झालं, शिवाजी चौकात जमाव, मग दगडफेक, लाठीमार आणि शेवटी इंटरनेटही बंद. त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. गट दहा जणींचा. मराठा, लिंगायत, धनगर, एक जैन, एक बौद्ध आणि दोघी मुसलमान. त्या दोघी आल्या नाहीत. गैरहजरीला दहा रुपये दंड हा आमचा नियम. सचिवताईंनी वही उघडली आणि पेन हातात धरून तशाच बसल्या.

तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "दंडाचं ऱ्हाऊ दे. चाचीच्या शिलाई मशीनच्या कर्जाचं काय करायचं ते बोला. गल्लीतली पोरं म्हणत्यात, त्यांच्याशी व्यवहारच ठेवायचा न्हाई."

पंचसूत्रीत याचं उत्तर नव्हतं. समन्वयक म्हणून सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले, तेच आज सांगते.

"देव देव्हाऱ्यात, राजकारण बाहेर" असं आपण पटकन म्हणतो. पण आपल्या कोल्हापूरचा इतिहास बघा. १८९९ च्या कार्तिक महिन्यात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. तिथं भटजी वेदातले मंत्र न म्हणता पुराणातले म्हणत होते, कारण त्यांच्या मते महाराज क्षत्रिय नव्हते, शूद्र होते. गादीवर बसलेला राजा, पण पूजेच्या पाटावर त्याची पायरी खालची! यातूनच वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. वाद मंत्रांचा वाटतो, पण माणसाची किंमत ठरवायचा हक्क कुणाला, हा त्यातला खरा प्रश्न होता, आणि तो राजकारणाचाच होता. महाराजांनी राजोपाध्यांची इनामं काढून घेतली. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखीव ठेवल्या. मराठा, जैन, लिंगायत अशी वसतिगृहं एकामागून एक उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघालं, त्याचे अध्यक्ष स्वतः महाराज. कुराणाचं मराठी भाषांतर करून घ्यायचं कामही त्यांनी हाती घेतलं होतं. महाराज देवधर्म मानणारे होते. धर्म सोडा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्याला धर्माच्या नावानं दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच्यासाठी त्यांनी सत्ता वापरली.

आता आपल्या अंबाबाईचं. आई जगदंबा बाईमाणूस, पण तिच्या गाभाऱ्यात बाईला मज्जाव! कित्येक वर्षं आपण लांबूनच हात जोडले. (माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "लांबनंच बरं वाटतंय." म्हणू देत, तोही त्यांचा हक्क.) १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, जिथं पुरुषाला जाता येतं तिथं बाईला अडवता येत नाही. महाराष्ट्रात मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ पासूनच होता. त्याच महिन्यात बायका गाभाऱ्यात गेल्या. धक्काबुक्की झाली, मारहाण झाली, पण दार उघडलं. तेव्हा "सरकारनं, कोर्टानं देवाधर्मात कशाला पडावं?" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी मी ऐकल्या. पण ते पडले नसते तर आपण अजून उंबऱ्याबाहेरच असतो.

घटनेचं २५ वं कलम याच हिशेबानं लिहिलंय. आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र धर्माशी जोडलेला पैशाचा आणि राजकीय कारभार यावर सरकार कायदा करू शकतं. म्हणून तर अंबाबाई, जोतिबा आणि आणखी तीन हजारांवर देवळांचा कारभार देवस्थान समिती बघते. दानपेटीचा हिशेब कुणीतरी मागायलाच हवा. दुसऱ्या बाजूनं, त्या समितीवर कुणाची वर्णी लागणार याची चर्चा देवळापेक्षा पक्षाच्या कचेरीत जास्त रंगते, हेही आपण बघतोच.

निवडणुकीचा नियम सरळ आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, त्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणं धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, सांगितलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माचं नाव घेऊनही मत मागता येत नाही. प्रचारात हे किती पाळलं जातं, ते तुमच्या गल्लीतल्या सभा ऐकून तुम्हीच ठरवा.

शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. २०१८ मध्ये मोहरम आणि गणपती एकाच वेळी आले, तेव्हा पंजे आणि बाप्पा एका छताखाली होते. तिथली माणसं काही जगावेगळी नाहीत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कामाला येत राहिली, म्हणून ते टिकलं. अशी सवय आपोआप टिकत नाही. एखाद्या दिवसाच्या दगडफेकीनंही तिला तडा जातो.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मोडकंतोडकं सांगितलं. शाहू महाराजांनी सत्ता वापरली ती दार उघडायला, आणि गल्लीतली पोरं चाचीच्या तोंडावर दार लावायला सांगतायत, एवढा फरक मला दाखवायचा होता. मावशी म्हणाल्या, "माझी सून त्यांच्याकडनंच ब्लाऊज शिवून घेती. पोरांस्नी काय जातंय सांगायला?" आठ जणींपैकी सहा जणींनी ठरावावर सह्या केल्या. दोघींनी केल्या नाहीत, मी जबरदस्ती केली नाही. आठ हजारांचं कर्ज मंजूर झालं. दंड मात्र लावला, वीस रुपये, कारण नियम सगळ्यांना एकच.

चाची हप्ता घेऊन आल्या त्या दीड महिन्यानं. दुसऱ्या भाभींनी मात्र बचत काढून घेतली. त्यांच्या घरी मी तीनदा गेले. चहा देतात, बसा म्हणतात, गटाचं काढलं की विषय बदलतात. पुढच्या सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे, मावशीही सोबत येतो म्हणाल्यात.